‘मेडिकलला लागला’ म्हणजे नेमका कशाला लागला?

बारावीचा आणि नीटचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमध्ये अभिनंदनाचे फलक लागतात. त्यावर बहुतेक वेळा एकच वाक्य असते : ‘मेडिकलला निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ फलकावरचा मुलगा एमबीबीएसला लागला, बीएएमएसला लागला की बीएस्सी मेडिकल लॅब टेक्नॉलॉजीला लागला, हे त्यावरून कळत नाही. अनेकदा घरच्यांनाही ते नेमके ठाऊक नसते. पांढरा कोट, हॉस्पिटल आणि ‘मेडिकल’ हा शब्द, एवढ्यावर सगळे खूश असतात.

खूश व्हायला हरकत नाही. पण या एका शब्दाखाली अगदी वेगवेगळे अभ्यासक्रम येतात आणि त्यांतून पुढे मिळणारे काम, अधिकार आणि पगार यांत मोठा फरक आहे. त्यातला सर्वांत जास्त गोंधळ ‘मेडिकल सायन्स’ची पदवी आणि ‘मेडिसिन’ची म्हणजे एमबीबीएसची पदवी यांच्यात होतो. या गोंधळाचा फायदा घेणारे एजंट जून-जुलैमध्ये घरोघरी फिरतात. ‘आधी मेडिकल सायन्सला प्रवेश घ्या, पुढे एमबीबीएसला वळवून देतो,’ हे त्यांचे ठरलेले वाक्य असते.

या लेखात एकच गोष्ट स्पष्ट करायची आहे. भारतात मेडिकल सायन्सची पदवी ही डॉक्टर होण्याची पायरी नाही. ती स्वतंत्र वाट आहे. वाट म्हणून समजून-उमजून निवडली तर ती चांगली आहे. पायरी समजून निवडली तर तीन-चार वर्षे आणि घरातला पैसा दोन्ही हातचे जातात.

एमबीबीएस : रुग्णाची जबाबदारी घेण्याचा परवाना

एमबीबीएसचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा असतो. त्यानंतर एक वर्षाची सक्तीची इंटर्नशिप, म्हणजे एकूण साडेपाच वर्षे. सुरुवातीला शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र हे विषय असतात. पुढच्या टप्प्यात विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र येतात. शेवटच्या टप्प्यांत मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र, बालरोग अशा विषयांत विद्यार्थी वॉर्डात प्रत्यक्ष रुग्णाजवळ असतो.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार पहिले वर्ष जास्तीत जास्त चार प्रयत्नांत सुटावे लागते आणि प्रवेशापासून नऊ वर्षांच्या आत पदवी पूर्ण करावी लागते. म्हणजे ‘एकदा आत गेलो की झाले’ असे नाही. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला नीटची प्रश्नपत्रिका मराठीत मिळू शकते, पण महाविद्यालयातली पुस्तके आणि व्याख्याने बहुतांशी इंग्रजीतच असतात. पहिल्या वर्षी अनेकांची दमछाक होते ती इथेच.

पदवी आणि इंटर्नशिप झाली की महाराष्ट्र वैद्यक परिषदेत नोंदणी होते. ही नोंदणी हा सगळ्याचा गाभा आहे. रुग्ण तपासणे, रोगाचे निदान करणे, अॅलोपॅथीची औषधे लिहून देणे, मृत्यूचा दाखला देणे हे अधिकार या नोंदणीतून येतात. अधिकाराबरोबर जबाबदारीही येते. उपचार चुकला तर उत्तर डॉक्टरला द्यावे लागते. म्हणून एमबीबीएस म्हणजे शरीराविषयीच्या ज्ञानाची पदवी एवढेच नाही, तर दुसऱ्याच्या जिवाबद्दल निर्णय घेण्याचा कायदेशीर परवाना आहे.

मेडिकल सायन्स : तीन वेगळे गट

‘मेडिकल सायन्स’ या नावाची एकच ठरावीक पदवी आपल्याकडे नाही. जाहिरातीत हे नाव दिसले तर त्यामागे पुढीलपैकी कोणता गट आहे, हे आधी विचारावे.

पहिला गट निव्वळ विज्ञानाचा. बीएस्सी बायोमेडिकल सायन्स, बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी अशा पदव्या यात येतात. दिल्ली विद्यापीठाच्या काही महाविद्यालयांत बायोमेडिकल सायन्सची ऑनर्स पदवी आहे. महाराष्ट्रातल्या अनेक विज्ञान महाविद्यालयांत मायक्रोबायोलॉजी आणि बायोटेक्नॉलॉजी शिकवले जाते. रोग कसा होतो, विषाणू पेशीत कसा शिरतो, औषध शरीरात जाऊन काय करते, हे इथे शिकायला मिळते. प्रत्यक्ष रुग्णाशी संबंध येत नाही. पुढे एमएस्सी, पीएचडी, संशोधन, अध्यापन, औषध कंपन्या, लस उत्पादन अशी क्षेत्रे आहेत.

दुसरा गट तंत्रज्ञांचा. मेडिकल लॅब टेक्नॉलॉजी, रेडिओग्राफी, ऑपरेशन थिएटर, डायलिसिस, कॅथलॅब, रक्तपेढी अशा विषयांतल्या पदव्या यात येतात. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीएमटी ही पदवी याच गटातली. इंटर्नशिप धरून साधारण तीन ते चार वर्षे लागतात. या लोकांशिवाय हॉस्पिटल एक दिवस चालत नाही. रक्त तपासणे, एक्स-रे आणि सीटी स्कॅन काढणे, डायलिसिसचे मशीन चालवणे ही कामे हेच करतात.

तिसरा गट स्वतंत्र व्यवसायांचा. फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, ऑप्टोमेट्री, श्रवण व वाचा उपचार हे विषय यात येतात. यातल्या व्यक्तीचा रुग्णाशी थेट संबंध असतो. महाराष्ट्रात फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीचे प्रवेश नीटच्या गुणांवर होतात. दवाखाना टाकता येतो, पण औषधे लिहून देण्याचा अधिकार मिळत नाही.

बीएएमएस, बीएचएमएस, बीडीएस आणि नर्सिंग या पदव्या या तिन्ही गटांच्या बाहेरच्या आहेत. त्यांच्या परिषदा आणि नोंदणी वेगळी असते. त्यांच्याविषयी स्वतंत्रपणेच लिहायला हवे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या गटासाठी २०२१ साली संसदेने राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा केला. या व्यवसायांना प्रथमच देशपातळीवर एक आयोग, राज्य परिषदा आणि नोंदणी मिळाली. या कायद्यात किमान शिक्षणाचे तासही ठरवलेले आहेत. संलग्न व्यावसायिकासाठी किमान दोन हजार तास, तर आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी किमान ३,६०० तासांचे शिक्षण लागते. ‘सहा महिन्यांत लॅब टेक्निशियन’ किंवा ‘शंभर टक्के नोकरी, एक्स-रे कोर्स’ असे फलक लावणाऱ्या क्लासची प्रमाणपत्रे या मोजमापात कुठेच बसत नाहीत. आपल्या भागात असे फलक भरपूर दिसतात, म्हणून हा आकडा लक्षात ठेवावा.

अधिकारांचा फरक एका उदाहरणातून

समजा, एका रुग्णाच्या रक्ताची तपासणी करायची आहे. नमुना घेणे, तो योग्य तापमानात ठेवणे, मशीनवर चालवणे, आकडा बरोबर आला की नाही हे पडताळणे हे तंत्रज्ञाचे काम. त्या आकड्याचा अर्थ लावून अहवालावर वैद्यकीय मत देणे हे पॅथॉलॉजिस्टचे, म्हणजे एमबीबीएसनंतर पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरचे काम. आणि तो अहवाल पाहून उपचार ठरवणे हे रुग्णाच्या डॉक्टरचे काम.

अहवालावर सही कोणी करायची, यावर गुजरातमधले तंत्रज्ञ आणि पॅथॉलॉजिस्ट यांचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर २०१७ मध्ये न्यायालयाने पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही आवश्यक असल्याची भूमिका कायम ठेवली. त्यानंतरही केंद्राच्या नियमांत या विषयावर बदल होत राहिले. पण मूळ रेषा तीच आहे. डीएमएलटी किंवा बीएस्सी एमएलटी करून ‘स्वतःची लॅब टाकीन आणि रिपोर्ट देईन’ असे स्वप्न पाहणाऱ्या प्रत्येक तरुणाला ही रेषा प्रवेशाआधी माहीत असायला हवी.

‘पुढे एमबीबीएसला वळवून देतो’ हे खोटे का?

हा समज कुठून आला, हे पाहिले तर तो खोडणे सोपे जाते. अमेरिकेत डॉक्टर व्हायचे असेल तर आधी चार वर्षांची पदवी घ्यावी लागते आणि मगच वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळतो. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातही पदवीधरांसाठी वैद्यकीय प्रवेशाची वेगळी सोय आहे. तिथे ‘आधी मेडिकल सायन्स, मग मेडिसिन’ हा क्रम खरोखर चालतो. तिथल्या विद्यार्थ्यांचे व्हिडिओ आपली मुले मोबाईलवर पाहतात आणि इथेही तसेच असेल असे धरून चालतात.

भारतात तसे नाही. बीएस्सी झालेल्या विद्यार्थ्याला एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश देणारी कोणतीही सोय नाही. त्याला डॉक्टर व्हायचे असेल तर बारावीच्या मुलांबरोबर पुन्हा नीट द्यावी लागते आणि पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागते. नीटला वयाची कमाल मर्यादा नाही, त्यामुळे दार बंद नाही. पण मधल्या पदवीचा एक गुणही त्यात मोजला जात नाही.

याच गोंधळातून फिलिपिन्सला गेलेले भारतीय विद्यार्थी अडकले. तिथे वैद्यकीय पदवी म्हणजे एमडी साधारण चार वर्षांची असते आणि तिच्याआधी बीएस ही विज्ञानाची पदवी करावी लागते. भारताने नोव्हेंबर २०२१ मध्ये परदेशी वैद्यकीय पदवीधरांसाठी नवे नियम आणले. त्यांनुसार वैद्यकीय अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा आणि एकाच संस्थेत पूर्ण केलेला हवा. त्यानंतर त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप आणि भारतात परतल्यावर पुन्हा १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी. बीएसची वर्षे या ५४ महिन्यांत धरली जात नाहीत. ज्यांना एजंटांनी ‘बीएस आणि एमडी मिळून एमबीबीएसच आहे’ असे सांगितले होते, त्यांच्यापुढे मोठा प्रश्न उभा राहिला.

आमच्या कामाच्या भागात एका रिक्षाचालकाच्या मुलीबाबत असेच घडले. एका एजंटाने तिला परराज्यातल्या एका खासगी विद्यापीठात ‘बीएस्सी मेडिकल सायन्स’ला प्रवेश मिळवून दिला. वर्षभराने एमबीबीएसला वळवण्याचा शब्द दिला होता. वर्ष संपल्यावर एजंटाचा फोन लागेना. मुलीने प्रवेश सोडायचे ठरवले, तर महाविद्यालय दहावी-बारावीची मूळ गुणपत्रके परत करेना. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच विद्यापीठांना स्पष्ट बजावले आहे की, विद्यार्थ्यांची मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवता येणार नाहीत. त्या सूचनेचा हवाला देऊन लेखी अर्ज केला, तेव्हा कागद परत मिळाले. भरलेले पैसे मात्र गेले. मुलगी हुशार होती. कमतरता होती ती योग्य वेळी योग्य माहिती देणाऱ्या माणसाची.

‘नीट क्वालिफाय’ म्हणजे प्रवेश नव्हे

दुसरा मोठा गैरसमज ‘क्वालिफाय’ या शब्दाचा. नीट ७२० गुणांची असते. त्यात जीवशास्त्राचे ३६०, भौतिकशास्त्राचे १८० आणि रसायनशास्त्राचे १८० गुण. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो. खुल्या प्रवर्गाला पात्रतेसाठी ५० पर्सेंटाइल, तर अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गाला ४० पर्सेंटाइल लागतात. २०२५ मध्ये ४० पर्सेंटाइल म्हणजे ७२० पैकी ११३ गुण होते.

त्या वर्षी २२ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी परीक्षा दिली आणि १२ लाखांहून अधिक पात्र ठरले. देशात एमबीबीएसच्या जागा मात्र सव्वा लाखाच्या आसपास आहेत आणि त्यांपैकी सरकारी महाविद्यालयांतल्या साधारण निम्म्या. म्हणजे पात्र ठरलेल्या दहांपैकी जवळपास नऊ जणांना एमबीबीएस मिळत नाही. राखीव जागेवरही सरकारी महाविद्यालयासाठी लागणारे गुण ११३ पेक्षा कितीतरी जास्त असतात. ‘तुमचा मुलगा क्वालिफाय झाला, आता फक्त जागा पक्की करा’ असे म्हणत एजंट नेमके याच नऊ जणांच्या घरी येतात.

वर्षे आणि पैसा यांचा हिशेब

पहिल्याच प्रयत्नात जागा मिळाली तर अठराव्या वर्षी प्रवेश घेतलेला विद्यार्थी चोविसाव्या वर्षाच्या आसपास डॉक्टर होतो. सरकारी महाविद्यालयातून शिकल्यास राज्यात एक वर्षाच्या शासकीय सेवेचे बंधपत्र असते. ते मोडल्यास मोठी दंडाची रक्कम भरावी लागते. आज बहुतेकांना एमबीबीएसवर थांबायचे नसते, म्हणून नीट-पीजी देऊन आणखी तीन वर्षे एमडी किंवा एमएस. म्हणजे घरात भक्कम कमाई यायला अठ्ठाविसावे-तिसावे वर्ष उजाडते. नीटसाठी दोन वर्षे ‘ड्रॉप’ घेतला असेल तर ती वेगळी.

तंत्रज्ञानाची पदवी घेतलेला तरुण बाविसाव्या वर्षी कामाला लागू शकतो. सुरुवातीचा पगार, विशेषतः खासगी लॅब आणि छोट्या हॉस्पिटलांत, कमी असतो. हे लपवण्यात अर्थ नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रे, ग्रामीण रुग्णालये, जिल्हा रुग्णालये आणि महापालिकांची रुग्णालये यांत प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि क्ष-किरण तंत्रज्ञ यांची कायम पदे असतात, पण भरतीची वाट पाहावी लागते आणि कंत्राटी नेमणुकांचे प्रमाणही मोठे आहे.

शुल्कातला फरक तर डोळे उघडणारा आहे. राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे वार्षिक शुल्क लाख-दीड लाखाच्या घरात आहे. खासगी महाविद्यालयात ते दहा लाखांच्या आसपास किंवा त्याहून जास्त, तर अभिमत विद्यापीठात वीस लाखांच्या पुढेही जाते. सरकारी जागा मिळाली तर आपल्या समाजातल्या विद्यार्थ्याला शिष्यवृत्तीमुळे हा खर्च झेपतो. अभिमत विद्यापीठातली जागा जमीन किंवा घर विकून घ्यायची वेळ आली, तर तो निर्णय एकट्या विद्यार्थ्याचा राहत नाही. सगळ्या कुटुंबाने कागद-पेन घेऊन बसायला हवे.

सवलतींचे कागद आधी तयार ठेवा

दोन्ही वाटांसाठी कागद जवळपास सारखेच लागतात आणि बहुतेक नुकसान कागदांअभावी होते.

पहिला, जात वैधता प्रमाणपत्र. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी ते लागते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, महसुली नोंद शोधायला वेळ लागतो. म्हणून अर्ज अकरावीतच करावा. नीटचा निकाल लागल्यावर धावपळ करून उपयोग नसतो.

दुसरा, केंद्राच्या नमुन्यातला जातीचा दाखला. सरकारी महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात भरल्या जातात आणि उरलेल्या ८५ टक्के राज्याच्या सीईटी सेलमार्फत. अखिल भारतीय कोट्यात अनुसूचित जातींना १५ टक्के, राज्यात १३ टक्के आरक्षण आहे. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींनाही केंद्रात हे आरक्षण लागू झाले. मात्र त्यासाठी मूळ अनुसूचित जातीचा उल्लेख असलेला, केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो. आपल्याकडे दाखल्यावर नुसते ‘बौद्ध’ लिहिलेले असते आणि ऐन कागद तपासणीत विद्यार्थी अडकतो.

तिसरा, उत्पन्नाचा दाखला. वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, त्याहून जास्त असेल तर शिक्षण व परीक्षा शुल्काची फ्रीशिप. दोन्हींचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरतात. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळत नाही. हे वाक्य एजंट कधीच सांगत नाही.

चौथी गोष्ट राहण्याची. शासकीय वसतिगृह मिळाले नाही तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. अटी पूर्ण केल्यास मोठ्या शहरांत वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत मदत मिळते.

परदेशाबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहे. बारावीनंतर परदेशात एमबीबीएस करायला ती मिळत नाही. उलट मेडिकल सायन्सची पदवी घेऊन परदेशातल्या चांगल्या विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणासाठी जाणाऱ्याला ही शिष्यवृत्ती आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, दोन्हींसाठी प्रयत्न करता येतात. या वाटेचा आपल्याकडे फारसा विचारच होत नाही.

संशोधनाची वाट

मेडिकल सायन्सला ‘नीट सुटली नाही म्हणून’ असा डाग लावणे बरोबर नाही. २०२० च्या सुरुवातीला देशातल्या कोरोनाच्या संशयितांचे पहिले नमुने तपासले गेले ते पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत. तिथे आणि पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत उघडलेल्या प्रयोगशाळांत रात्रंदिवस काम करणाऱ्यांमध्ये मायक्रोबायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी आणि लॅब टेक्नॉलॉजी शिकलेले असंख्य लोक होते. नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचे कर्करोग संशोधन केंद्र आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद पीएचडीसाठी कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीची परीक्षा घेते. सामाजिक कामाची आवड असलेल्याला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून सार्वजनिक आरोग्य किंवा रुग्णालय प्रशासनात पदव्युत्तर शिक्षण घेता येते.

या वाटेवरचे धोकेही माहीत हवेत. वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन हे विषय शिकवण्यासाठी एमएस्सी आणि पीएचडी झालेल्या बिगरडॉक्टर शिक्षकांनाही घेतले जाते. पण त्यांचे प्रमाण किती असावे, हा नियम २०२० मध्ये कडक झाला आणि २०२५ मध्ये पुन्हा सैल केला गेला. नियम बदलला की नोकऱ्या कमी-जास्त होतात. म्हणून एकाच नोकरीवर सगळा भरवसा ठेवून पदवी घेऊ नये.

मग निवड कशी करायची?

‘गुण किती पडले?’ हा पहिला प्रश्न नसावा. त्याआधी विद्यार्थ्याने स्वतःला काही प्रश्न विचारावेत. आजारी, घाबरलेल्या, रडणाऱ्या माणसाशी रोज बोलायला मला जमेल का? अपुऱ्या माहितीवर निर्णय घेऊन त्याची जबाबदारी मी पेलू शकेन का? की मला एका प्रश्नाच्या मुळाशी जाऊन शांतपणे प्रयोग करायला जास्त आवडेल? मशीन, मोजमाप, अचूकपणा यांत माझा हात चांगला चालतो का? घरच्यांना माझ्या कमाईची गरज कधी लागणार आहे : बाविसाव्या वर्षी की तिसाव्या?

शक्य असेल तर जवळच्या सरकारी रुग्णालयात एक-दोन दिवस काढावेत. परवानगी घेऊन बाह्यरुग्ण विभाग पाहावा, प्रयोगशाळा पाहावी. तिथल्या तंत्रज्ञाशी, निवासी डॉक्टरशी बोलावे. दहा करिअर मार्गदर्शन मेळाव्यांपेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

एमबीबीएसच ध्येय असेल आणि गुण थोडक्यात कमी पडले असतील, तर एक वर्ष पुन्हा तयारी करण्यात चूक नाही. पण दुसरा ड्रॉप घेण्याआधी मागच्या वर्षी गुण किती वाढले, ते पाहावे. दोनशेवरून चारशेवर गेलेला विद्यार्थी आणि दोनशेवरून दोनशे वीसवर गेलेला विद्यार्थी यांना एकच सल्ला देता येणार नाही. दुसऱ्याने सन्मानाने दुसरी वाट धरावी. त्यात कमीपणा नाही.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. अनेक घरांत गुण चांगले असूनही ‘मुलीला एवढी वर्षे कशाला, लॅबचा कोर्स कर, लगेच नोकरी, मग लग्न’ असे ठरते. तंत्रज्ञानाची पदवी तिने स्वतः निवडली असेल तर प्रश्नच नाही. पण तिच्या गुणांवर सरकारी एमबीबीएसची जागा मिळत असताना तिला आखूड वाटेवर ढकलले जात असेल, तर कार्यकर्त्यांनी त्या घरी जाऊन बोलायला हवे.

आणि जागा मिळाल्यावरही साथ सोडू नये. मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या, आदिवासी समाजातल्या डॉ. पायल तडवी यांचा २२ मे २०१९ रोजी झालेला मृत्यू आणि त्यानंतर वरिष्ठांवर झालेले जातीय छळाचे आरोप आपण विसरू शकत नाही. पहिल्या पिढीतला विद्यार्थी इंग्रजीशी, अभ्यासाच्या डोंगराशी आणि कधी टोमण्यांशी एकाच वेळी झुंजत असतो. रॅगिंगविरोधी समिती, अनुसूचित जाती-जमाती कक्ष कुठे आहे, तक्रार कशी करायची, हे त्याला पहिल्याच आठवड्यात माहीत असावे. दर पंधरवड्याला त्याला एक फोन करणारा समाजातला एखादा सिनियर असावा.

कार्यकर्त्यांसाठी चार कामे

एक : मे महिन्यात वस्तीतल्या विहारात किंवा अभ्यासिकेत दहावी-बारावीच्या पालकांची बैठक घ्या. एमबीबीएस आणि मेडिकल सायन्स यांतला फरक फळ्यावर लिहून समजावून सांगा.

दोन : कोणी महाविद्यालयाचे नाव सांगितले की पैसे भरण्याआधी ते तपासा. एमबीबीएस असेल तर राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या संकेतस्थळावर, राज्यातला आरोग्य अभ्यासक्रम असेल तर महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या यादीत, बाहेरचे विद्यापीठ असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यता आणि बोगस विद्यापीठांच्या यादीत. सोबत दोन प्रश्न विचारा : या पदवीनंतर नोंदणी कोणत्या परिषदेत होते? गेल्या तीन वर्षांत इथून बाहेर पडलेले विद्यार्थी आज कुठे काम करतात?

तीन : अकरावीच्या सगळ्या मुलांची यादी करून जात वैधतेचे अर्ज दिवाळीच्या आत भरून घ्या.

चार : आपल्या भागात डॉक्टर, तंत्रज्ञ, फिजिओथेरपिस्ट, संशोधक म्हणून काम करणाऱ्यांचे फोन नंबर त्यांच्या संमतीने गोळा करा आणि प्रत्येक विद्यार्थ्याला त्याच्या वाटेवरच्या एका तरी माणसाशी जोडून द्या.

अभिनंदनाचा फलक लावताना त्यावर पदवीचे पूर्ण नाव लिहा : ‘बीपीएमटी, मेडिकल लॅब टेक्नॉलॉजी’ किंवा ‘एमबीबीएस’. दोन्ही नावे अभिमानाने लिहिण्यासारखी आहेत. ती स्पष्ट लिहिली, तर फलक वाचणाऱ्या पुढच्या वर्षीच्या मुलालाही आपल्यापुढे कोणत्या वाटा आहेत ते कळेल.